बंबातलं पहिलं पाणी

फाउंड्री बंद झाल्यापासून माझे वडील, अप्पा, भिंतीकडे तोंड करून बसत. उभं आयुष्य शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वाळूचे साचे घालणारे ते हात आता मांडीवर असे पडून असत, जणू कुणी परक्याने सांभाळायला ठेवले आहेत आणि न्यायला यायचे तो विसरला आहे. मीही फारसा बोलणारा नव्हतो. २००२ सालचा तो सगळा पावसाळा गडमुडशिंगीच्या आमच्या घरात आईच्या, म्हणजे अव्वाच्या, भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझी काचेची टाकी होती. दसरा उलटल्यावर तिच्यातल्या एंजल माशांच्या जोडीने रुंद पानावर अंडी घातली. मी टाकीसमोर उकिडवा बसलो होतो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि माझ्या खांद्यावरून अप्पांचा श्वास ऐकू आला.

"पंख हलवतोय त्यो कोण रं?"

"नर आहे. अंड्यांना वारा घालतोय."

"राखण करतोय की ल्येकाचा!" अप्पा म्हणाले, आणि हसले. कित्येक महिन्यांनी.

त्या हसण्याला मी घाबरलो. कारण पुढे काय होते ते मला ठाऊक होते. पिल्ले पोहू लागली की त्यांना हलणारे, जिवंत खाणे लागते. ते न मिळाल्याने आजवरची माझी प्रत्येक वीण उपाशी मेली होती. ही मेली, तर अप्पा पुन्हा भिंतीकडे वळतील आणि मग त्यांना परत वळवण्यासारखे माझ्यापाशी काहीही उरणार नाही.

शाहूपुरीत माशांचे दुकान चालवणाऱ्या कृष्णातने मला फिल्मच्या रिकाम्या डबीत तपकिरी भुकटी दिली. "आर्टेमियाची, खाऱ्या पाण्यातल्या बारक्या किड्यांची अंडी हायती. कॉफीगत दिसत्यात, पण जीव हाय त्यात. मिठाच्या पाण्यात टाक, खालनं हवा सोड, ऊब दे. दीड दिसात नाचत्याल बघ."

बाकीचे सारे अप्पांनी केले. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून त्यांनी ती उलटी धरली, सळी वाकवून तिच्यासाठी तिपाई केली, बुचाला भोक पाडून सलाइनची नळी बसवली आणि ती माझ्या एअर पंपाला जोडली. बाजूला ऊब देणारा दिवा टांगला. खडे मीठ त्यांनी स्वतः कुटले. साच्यात लोखंडाचा रस ओतण्यापूर्वी ते असेच ओठ मिटून उभे राहत असतील, असे मला वाटले.

अव्वा दारातून बघत होती. "माणसांच्या फराळाचा पत्ता न्हाई, आणि माशांच्या पोरांला जित्त्या शेवया व्हय!"

"तुझ्या शेवया जित्त्या असत्या बसव्वा, तर धरून तरी खाल्ल्या असत्या. त्या चमच्यालाच चिकटून बसत्यात."

अव्वाने पदर तोंडाला लावला. त्या घरात इतके लोक राहतात हे मला नव्याने कळत होते.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बाटलीतले पाणी विटकरी झाले. हवा बंद करून खाली विजेरी धरली, तसे ते सूक्ष्म जीव उजेडाकडे थव्याने उतरू लागले. अव्वाच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून आम्ही ते गाळले आणि तोवर अंड्यांतून निघालेली पिल्ले मी ज्या छोट्या टाकीत वेगळी काढली होती तिच्यात सोडले. काचेच्या किरट्या काड्यांसारखी ती पिल्ले क्षणभर थबकली, मग झडप घालू लागली. थोड्या वेळाने प्रत्येकाच्या पोटात एकेक नारिंगी ठिपका उजळला.

"भट्टी पेटली गा, महांतेश," अप्पा हळूच म्हणाले.

त्यानंतर बाटली रोज नव्याने लागत होती. अप्पा पहाटे उठत, दाढी करत, एका शेजाऱ्यालाही त्यांनी बोलावून पिल्ले दाखवली.

दिवाळीत आमच्याकडे आंघोळीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरण्याचा सण असतो. अव्वाने तांब्याचा बंब आतून-बाहेरून चिंचेने घासला. तो उगवत्या सूर्यासारखा लखलखू लागला. मग गळ्यात झेंडूची माळ, हळदीकुंकू आणि काठोकाठ पाणी. सणाचे हे पहिले पाणी आमच्यात वाया घालवत नाहीत. पहाटे ते तापते आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर थोडे तरी पडावे लागते.

त्या पहाटे थंडी पडली होती. मी उठलो तेव्हा अप्पा न्हाऊन, कपाळाला भस्म लावून, हातात प्लास्टिकचा मग घेऊन टाकीजवळ उभे होते.

"गारठली हुती गा. बंबातलं पाणी कोमट करून वाईच वाईच घातलं. बाटलीतबी घातलं. पोरांची पैली दिवाळी न्हवं?"

मलाही ते सुंदर वाटले.

फराळाची ताटे वाढली जाईपर्यंत पिल्ले तळाशी निजली होती. पोटातले नारिंगी ठिपके तसेच होते. भरल्या पोटी मेली होती ती. बाटलीत बुडबुडे वर येत होते आणि त्यांच्यात काहीही पोहत नव्हते.

मी सायकल काढून कृष्णातकडे गेलो. सण असूनही दुकान उघडेच होते. त्याने सगळे ऐकून कपाळाला हात लावला. "चिंचेनं घासलेला बंब? आरं, आंबटानं तांबं सुटतं, पाण्यात उतरतं. माणसाला त्येवढ्यानं काय हुत न्हाय. ह्या जिवांला विष हाय ते."

परत आलो तर अप्पा दारातच वाट पाहत होते. "थंडीच बाधली, न्हवं? मी म्हटलंच. पुढच्या खेपेला सांजच्यालाच बंब पेटवून ठिवतो. ऊब कमी पडू द्याची न्हाई."

गप्प राहिलो असतो, तर दर खेपेला त्यांनी त्याच मायेने तेच पाणी घातले असते. आयुष्यभर मला जे सहज जमत होते, ते गप्प राहणे नेमके त्या क्षणी जमण्यासारखे नव्हते.

"अप्पा, बंबातलं पाणी नको. चिंचेनं तांबं उतरतं त्यात."

त्यांना समजायला वेळ लागला. आत अव्वाच्या हातातली परात थांबली.

"म्हंजे थंडी न्हवती."

"नव्हती."

"मी घातलेलं पाणी."

अप्पा आत गेले, पंपाचे बटण बंद केले. नळीतून शेवटचे दोन-चार बुडबुडे वर आले. त्यांनी खुर्ची उचलली, फरफटत नाही नेली, उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

दिवाळी सरल्यावर जोडीने पुन्हा अंडी घातली. त्याच पानावर.

"अप्पा, अंडी घातलीत."

"घालू दे," ते न वळता म्हणाले.

सळीची तिपाई कोपऱ्यात होती, बाटलीत मिठाची पांढरी कड धरली होती. डबीत अजून भुकटी होती. पण एकट्याने ती पाण्यात सोडायला माझा हात उचलेना. टाकीत नर पानाजवळ उभा राहून अंड्यांना वारा घालत होता, पण भिंतीकडे तोंड केलेल्या अप्पांना ऐकू जाईल असा त्याच्या पंखांचा आवाज होत नव्हता.