उघड्या झाकणाखालचा स्फटिक

अंतराळात वजनाची ओढाताण नसते, म्हणून तिथे प्रथिनाचे स्फटिक निवांत, नीट रचून वाढतात. कुनिएदानं जपानमधल्या त्सुकुबाच्या प्रयोगशाळेतून वर पाठवलेल्या नळ्यांपैकी एकीतच स्फटिक धड वाढून परत आला. पण काय आला! जमिनीवर वर्षानुवर्षं नुसती भुकटी हाती लागायची; हा आरपार स्वच्छ, कडा धारदार. त्याच्यावरून प्रथिनाची घडण कळणार होती आणि घडण कळली तरच औषधाचं पुढे सरकणार होतं.

त्याला थेंबातून उचलायचं आणि लगेच गोठवायचं, एवढंच काम. त्यात कुनिएदाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बाईंना मिरवायची हौस दांडगी. झाकण काढलं आणि आधी हाक मारली, "या, या, बघून घ्या! नंतर म्हणाल, दाखवला नाही!"

एकेक जण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेला.

"कुनिएदा-सान, अंगठीत बसवा की!"

"आधी अंगठी देणारा तर मिळू दे!"

हशा पिकला. तोवर दिव्याखाली थेंब सुकत होता. ती पुन्हा वाकली तेव्हा स्फटिकभर तडे गेले होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख, उरुशिबारा सेन्सेई, यांनी विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "यान उतरताना हादरा बसला असेल." ज्यांनी ज्यांनी डोळा लावला होता, ते सगळे खाली मान घालून आपापली टेबलं पुसू लागले.

पुढच्या यानात जागा मिळायला वर्ष तरी जाणार होतं, आणि त्या औषधाची वाट बघणाऱ्या छोट्या मिओच्या झिजत चाललेल्या स्नायूंना तेवढी सवड नव्हती. म्हणून तिच्या आईची, शिनोहारा-सानची, क्षमा मागायला सेन्सेई स्वतः निघाले, कुनिएदाला घेऊन. हाताखालच्याची चूक वरिष्ठानं आपल्या अंगावर घ्यायची, ही तिथली रीतच. चटईवर कपाळ टेकवून म्हातारा म्हणाला, "आमची तयारी कमी पडली."

"अहो, उठा सेन्सेई! आभाळातून येणारी नाजूक वस्तू ती, तुमचा काय दोष?" शिनोहारा-सान कुनिएदाकडे वळल्या. "तुमचा चेहरा किती उतरलाय. काही खाल्लंत का सकाळपासून?"

कुनिएदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचीच किळस आली तिला.

"तो धड उतरला होता," ती म्हणाली. "मी घालवला. चार लोकांत मिरवायला झाकण उघडं ठेवलं, आणि वर खोटं बोलले."

सेन्सेईंनी कपाळ पुन्हा चटईला टेकवलं.

शिनोहारा-साननी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तो अख्खा पाहिलात."

"हो."

"मिओ आतच आहे. कसा दिसतो म्हणून रोज विचारते. सांगा तिला. आणि फुटला कसा, तेही तुम्हीच सांगा."

कुनिएदा उठली. तिच्याबरोबर जायला सेन्सेईंनी गुडघा उचलला.

"तुम्ही बसा, सेन्सेई," शिनोहारा-सान म्हणाल्या.