रायफलची गवसणी

"काकू, राग मानू नका, पण हे बघा."

नेमबाज मुलीने गवसणीची चेन उघडली, रिकामी रायफल बाहेर काढली आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या लोखंडावर तांबूस ठिपके उठले होते. ती गवसणी मी शिवली होतीच, पण तिचा आकारही मीच काढला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं होतं.

आमचं दुकान वाद्यांच्या गवसण्यांचं. व्हायोलिन, गिटार, चेलो. माझे सासरे, आप्पा, आकार काढतात आणि कापड कापतात. मी मशीनवर बसते. आमचे हे गिऱ्हाइकांकडे माल पोचवतात आणि येताना गावभरच्या गप्पा घेऊन येतात. कात्री आप्पांची. तिला हात लावायचा तर विचारावं लागतं, आणि विचारलं तर ते देत नाहीत. नेमबाजीच्या क्लबने रायफल ने-आण करायला आणि ठेवायला मऊ गवसणी मागितली, तेव्हा आप्पांनी हात झटकले होते. मी मात्र हट्टाला पेटले. आकार माझा, कापणं तुमचं, एवढ्यावर त्यांना कसंबसं राजी केलं होतं.

क्लबचे सर मुलीच्या मागेच उभे होते. भला माणूस, आवाज चढवला नाही.

"न्यायला-आणायला झकास आहे," ते म्हणाले. "पण सराव झाला की रायफल आमच्या कुलपाच्या कपाटात यातच पडून राहते. तिथे गंज धरला. शनिवारपर्यंत काही जमतंय का बघा. नाहीतर मी तयार पेट्या मागवतो."

ते गेल्यावर आप्पांनी चष्मा पुसला.

"झालं समाधान? आपण लाकडाची माणसं. लोखंडाच्या नादी कशाला लागायचं?"

मी रडकुंडीला आले होते, पण ते 'लाकडाची माणसं' ऐकलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. लाकूड कोरडं पडलं की तडकतं. म्हणून आमच्या दुकानात पहिल्यापासून जाड मखमलीचं अस्तर. थोडी ओल धरून ठेवणारं. वर चेनवर झापड, वारा शिरू नये म्हणून. हे सगळं मी इमानेइतबारे त्या लोखंडाला घातलं होतं. रायफलला मी गिटारसारखं जपलं होतं. वाईट वाटून घ्यायचं सोडून मी एकटीच हसत सुटले.

"बरी आहेस ना?" आप्पांनी विचारलं.

बरी म्हणजे काय, माझा पाय एका जागी ठरेना. भात करपला, ह्यांनी तो मुकाट्याने खाल्ला. ह्यांच्याकडून मी रायफलच्या मापाची लाकडी फळी करून घेतली होती, ती बोटावर तोलत मी स्वयंपाकघरभर फिरत होते. गवसणीची मूठ तोलाच्या जागी बसली तर ओझं निम्मं वाटतं. मखमल बाद, आत पाणी न पिणारा फोम आणि वर गुळगुळीत नायलॉन. दोन्ही टोकांना जाळीची पट्टी, हवा खेळायला. चेन तीन बाजूंनी, म्हणजे गवसणी पुस्तकासारखी उघडून वाळत घालता येईल. नळीच्या तोंडाशी चामड्याचा तुकडा, कारण कापड तिथेच फाटतं. चेनचे दोन्ही रनर एकमेकांना भिडले की कुलूप लागेल अशी कडी. कागदावर काढता काढता पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं.

आप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"मखमल नाही?"

"नाही."

"आणि ही भोकं?"

"हवेसाठी, आप्पा."

"मग ते पोतं झालं. पोतं मी कापत नाही," असं म्हणून त्यांनी कात्री टेबलावर ठेवली आणि आत जाऊन पडले.

कात्री ठेवताना त्यांनी ती नेहमीसारखी खणात बंद केली नाही, हे मी पाहिलं. मी ती उचलली. या वेळी हात थरथरला असं सांगायची पद्धत आहे, पण माझा थरथरला नाही. मी सरळ कापत गेले आणि कापडाचा तो करकर आवाज मला फार आवडला.

शिवून झाल्यावर परीक्षा घ्यायची होती. ह्यांच्या हत्यारांतल्या दोन कानशी तेल पुसून घेतल्या. जुन्या आणि नव्या गवसणीत सारखंच पाणी शिंपडलं, एकेक कानस घातली आणि दोन्ही खिडकीपाशी टांगल्या. मग माझ्याच्याने राहवेना. येता-जाता चेन उघडून बघत होते.

"अगं, मोड यायला घातलेत का त्यांना?" हे म्हणाले. "जरा दम धर."

शुक्रवारी दोन्ही कानशी टेबलावर ठेवल्या. आप्पा आपणहून आले. जुन्या गवसणीतल्या कानशीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. नव्या गवसणीतल्या कानशीवरून फिरवलं, बोट स्वच्छ. मग त्यांनी ती पुन्हा हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि हात धुवायला गेले.

शनिवारी नव्या गवसणीतली कानस मी क्लबात नेली, सरांनी तिच्यावरून पांढरं फडकं घासलं. फडकं पांढरंच राहिलं. मुलीने रायफल आत ठेवली, चेन लावली, मूठ धरून उचलली आणि मैदानाला एक फेरी मारून आली.

"काकू, हिला वजनच नाही हो."

"सगळ्या रायफलींना करा," सर म्हणाले. "आकार कोणाचा आहे हा?"

"माझा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. घरी परतताना ह्यांनी रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं, आणि मी त्यांना अडवलं नाही. इतका आनंद झाला होता की लाजायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले तर कापायच्या टेबलावर नवं कापड अंथरलेलं होतं. चारी कोपऱ्यांवर वजनं, मधोमध कात्री, मूठ माझ्या बाजूला. टेबलामागे कुणी नव्हतं. आप्पा माझ्या मशीनसमोर माझ्या स्टुलावर बसले होते.

"आप्पा, तुम्ही इथे कसे?"

"रेघ दिसत नाही गं मला हल्ली," ते सुईकडेच बघत म्हणाले. "गेल्या वर्षापासून अंदाजानेच कापतोय. तू काप. शिवण मला हाताला लागते, ती जमेल. कुठून सुरू करायचं तेवढं सांग."

आप्पांनी दोरा ओला केला, सुईशी नेला. तो बाजूने निसटला. त्यांनी पुन्हा नेला.

मी कात्री घेतली, पाठमोरी झाले आणि कापडावर खडूने एक रेघ आखून तीच सावकाश परत परत आखत राहिले, त्यांचा दोरा सुईत जाईपर्यंत.