दोघींचा रिपोर्ट

धाकटीनं नळीचं झाकण तिसऱ्यांदा तपासलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते राहू दे आणि इकडे ये. तुझा रिपोर्ट आलाय."

या लॅबमध्ये आतड्याच्या कर्करोगाशी निगडित जनुकांची तपासणी व्हायची. रोज परक्यांचं रक्त यंत्रात घालणाऱ्या धाकटीनं या खेपेस स्वतःचं दिलं होतं. आई त्याच आजारानं गेली. तिच्या जनुकातला दोष लेकीत उतरण्याची शक्यता निम्मी. स्वतःच्या नमुन्याला हात लावायचा नाही असा नियम, म्हणून निकाल येईपर्यंत ती नुसती यंत्राभोवती घुटमळत होती.

"नाहीये," बाई म्हणाल्या. "आईतला दोष तुझ्यात नाही."

टेबलावर चढून नाचावं असं तिला वाटलं. नाचली नाही, पण बाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा तिरका झाला. आणि मग आठवलं, हे थोरलीला सांगायचं नाही.

थोरली म्हणजे काही मिनिटांनीच मोठी. हुबेहूब जुळ्या, एकीचा निकाल तोच दुसरीचा. "तुला करायची तर कर तपासणी," ती म्हणाली होती, "पण काहीही निघो, मला कळता कामा नये." धाकटीनं शब्द दिला होता. द्यायला काय जातं म्हणा, पाळताना जीव मेटाकुटीला येतो.

वाटभर हसू गालात मावेना. दाराशी तिनं ते कसंबसं गिळलं, तोंड मख्ख केलं आणि जेवायला बसली. मान वर केली तर फुटेल, म्हणून ताटातच बघत राहिली.

थोरली वाढता वाढता थांबली. शेजारी बसून तिनं धाकटीचा हात घट्ट धरला. 

"असू दे गं," ती म्हणाली. "दोघी आहोत ना. मी त्याला सकाळीच नकार कळवते."

"कोणाला?"

"मागणी घातलीय एकानं. आईसारखं अर्ध्यात सोडून जायचं, तर कशाला कोणाला गुंतवायचं?"

धाकटी बघतच राहिली. एवढी मोठी गोष्ट, आणि जुळ्या बहिणीला पत्ता नाही! शब्द गेला चुलीत.

"नकार कळवू नकोस," ती म्हणाली, आणि इतका वेळ कोंडलेलं हसू फस्सकन बाहेर पडलं.

थोरलीला समजायला एक क्षण लागला. मग तिनं धाकटीच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, आणि त्याच पाठीवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली.