कॉलरचा वास

लिफ्टच्या मेकॅनिकने दारू सोडली आणि त्याच्या संसारातली एकुलती एक जवळीक बंद पडली.

ती जवळीक अशी असे. संध्याकाळी तो बेल वाजवी. बायको चेन न काढताच दार किलकिलं करी, फटीतून नाक पुढे आणी आणि म्हणे, "हा कर." तो 'हा' करी. वास आला तर दार बंद, नाही आला तर चेन निघे. चेन त्यानेच बसवली होती, शुद्धीतल्या एका दुपारी, लांब स्क्रू लावून. दारू सुटल्यावरही थोडे दिवस हा कार्यक्रम चालूच होता. तो बंद पाडला समुपदेशक बाईंनी.

बाई जोडप्यांवर उपचार करत. माणसं भांडतात ती मुळात 'तू माझा आहेस ना' हे विचारायला, फक्त विचारायची रीत चुकते, असं त्यांचं म्हणणं. हे अशाच माणसाला सुचू शकतं ज्याच्या डोक्यात कधी कुणी पातेलं घातलेलं नाही, असं मेकॅनिकचं मत होतं.

"काही दिवस वास घेणं थांबवून बघूया," बाई म्हणाल्या होत्या. बायकोने थांबवलं. आता ती दार सताड उघडी आणि पाठ फिरवून आत चालू लागे. मेकॅनिक हिशोब करू लागला. जिला आपण प्यालोय की नाही याचंही सोयरसुतक उरलं नाही, ती किती दिवस टिकणार? तिने बजावूनही ठेवलं होतं, परत एक घोट घेतलास की मी बहिणीकडे, कायमची.

म्हणून आज बाईंकडे येण्याआधी त्याने लिफ्टचे कॉन्टॅक्ट पुसायचं स्पिरिट बोळ्यावर घेऊन कॉलरला चोळलं. प्यायचं नाही, नुसता वास. तिचं नाक हलतं का, एवढंच बघायचं होतं. असल्या अकला त्याला शुद्धीतच सुचत. प्यायलेला असताना तो बराच शहाणा असे.

जिन्यात बायको त्याच्या मागेच होती. खोलीत शिरल्यावर खुर्ची पार भिंतीपर्यंत सरकवून पर्स पोटाशी धरून बसली.

नाक हललं ते बाईंचं. "मला वास येतोय," त्या हलकेच म्हणाल्या. "इथे कुणी रागावणार नाही. बोलायचंय त्याबद्दल?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला आणि बायकोकडे बघत राहिला.

"प्यायलेला नाही तो," बायको म्हणाली. "कामावरचं स्पिरिट आहे. कॉलरला चोळलंय. उजवीकडे जास्त, डावरा आहे ना."

मेकॅनिक फुलून आला. "म्हणजे वास घेतलास!"

"मढ्यालाही आला असता."

"पण उजवीकडे जास्त हे..."

"गप बस, गाढवा."

बाई पुढे झुकल्या. "प्यायलेले नाहीत हे तुम्हाला कळलंय. मग पर्स इतकी घट्ट का धरलीय?"

बायकोने पर्सकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. "माझा बाप यायचा तेव्हा दार मी उघडायचे. इतकीशी होते. वास आला की धाकट्याला पलंगाखाली ढकलायचं, मग आईला सांगायचं." ती नवऱ्याकडे वळली. "हे स्पिरिट आहे, हे नाकाला कळतं रे. पोटाला नाही कळत. ते अजून पलंगाखाली जागा शोधतंय."

मेकॅनिकला हे ठाऊक नव्हतं. फटीतून येणाऱ्या त्या नाकाला तो इतकी वर्षं माया समजत होता. नाक पहाऱ्यावर होतं.

"कधी बोलली नाहीस."

"कधी बोलणार? झिंगलेला असायचास तेव्हा, की झिंग उतरून ओकायचास तेव्हा?"

"कॉलरला का चोळलंत ते सांगा," बाई म्हणाल्या. "मला नको. त्यांना."

मेकॅनिकने आधी छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे. शेवटी स्वतःच्या बुटांना म्हणाला, "जवळ यायचीस तू. फटीतून का होईना. आता येत नाहीस."

"आणि तेवढ्यासाठी माझा बाप उभा केलास समोर."

"माहीत नव्हतं मला."

"आता झालं ना माहीत? काढ तो शर्ट."

शर्ट बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात गेला. बाईंनी 'आज खूप काही घडलं' असं म्हटलं, ते दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रस्ताभर बायको पुढे, बनियनमधला नवरा मागे. लोक वळून बघत होते. ती वळली नाही. घरात शिरली आणि मागे दार लावून घेतलं. त्याने बेल वाजवली. दार किलकिलं झालं. चेन लावलेली. फटीत नाक नव्हतं, एक डोळा होता.

"हा करू?"

"नको."

डोळा त्याच्या बनियनवरून फिरला. "परत असला वास अंगाला लावून आलास ना, तर बहिणीकडे मी जाणार नाही. तुला धाडीन. तिच्याकडे तीन मांजरं आहेत."

"बरं."

दार धाडकन त्याच्या तोंडावर बंद झालं.

चेन काढायची तर आधी दार पुरतं लोटून घ्यावं लागतं. बसवणाऱ्याला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. तरी आतून ती खळखळेपर्यंत त्याने श्वास रोखून धरला होता.