रविवारचं पोट

"कार्ड कुठंय?" सुपरवायझरनं वाट अडवून विचारलं.

"दुसरी घेऊन गेलीय, ती अजून आली नाही. आणि मला थांबता यायचं नाही," कॉलरवाली म्हणाली.

शिलाईच्या त्या हॉलमध्ये तीस बायांत मिळून संडासला जायचं एकच कार्ड होतं, तेही एकीला दिवसातून दोनदाच. कॉलरवाली एकोणीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवत होती, म्हणून हे नाव. पोट तिचं पहिल्यापासून नाजूक. कधी जुलाब, तर कधी चार-चार दिवस गच्च. कार्डासाठी तोंड वेंगाडायला नको म्हणून बाईनं अजब तोडगा काढलेला. सोमवार ते शनिवार, घरातून निघताना जुलाब थांबवायची गोळी. शनिवारी घरी आली की रेचक, म्हणजे रविवारी काय ते एकदाचं मोकळं. आठ वर्षं हे चाललं. परवा पोट फुगून टम्म झालं, तेव्हा धाकट्या जावेनं हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"ही गोळी अडीनडीला घ्यायची, रोज नाही," बाईंनी चांगलंच झापलं. "आतडं आहे की गोदाम? असंच चाललं तर एक दिवस ते कामच बंद करेल. आजपासून दोन्ही बंद. पाणी प्या, आणि लागली की जा."

लागली की जा म्हणे! सांगायला काय जातंय. पण कॉलरवाली घाबरली होती, आणि त्याहून जास्त चिडली होती. आठ वर्षं आपल्याच पोटाचे हाल केले, ते कुणासाठी?

"दोनदा झालं तुमचं, मावशी," सुपरवायझर म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

"पोटं सारखी नाहीत ना, साहेब."

"आत्ता गेलात तर मशीन जाईल. मग मला बोलू नका."

तिनं एकदा वळून मशीनकडे पाहिलं. कॉलर अर्धीच शिवून झाली होती.

"जाऊ दे मग," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूनं निघून गेली.

परत आली तेव्हा मशीनवर दुसरीच बसलेली. तिला कोपऱ्यातल्या टेबलावर धागे कापायला बसवलं. नवशिक्यांचं काम ते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला, डोळे भरून आले. पण तिनं बाटली उघडली आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा पाणी प्यायली. निम्म्या बाया कार्डाच्या धाकानं दिवसभर पाण्याला शिवत नसत. त्या माना वर करून बघत राहिल्या.

तासाभरानं तिनं कात्री खाली ठेवली आणि चौथ्यांदा उठली. कार्ड मागितलं नाही. हॉलच्या ऐन मधून, कसलीच घाई नसल्यासारखी चालत गेली.