घुमी

गोपिकाच्या शुद्धलेखनाच्या वहीत भोकं होती. कागदाला नव्हे, वाक्यांना. "आमच्या शेतात वांग्याची" इथपर्यंत अक्षर रेघेवर नीट बसलेलं, मग पेन्सिलीचा एक भरकटलेला ओरखडा, आणि पुढे एकदम "पाणी द्यावे लागते." सरांनी सांगितलेले मधले शब्द "झाडे आहेत, त्यांना सकाळी" गायब. पानाखाली लाल शाईत शून्य आणि शेजारी सरांचा शेरा: घुमी.

वही तिच्या बापानं, तानबानं, माझ्या ओसरीवर आणून ठेवली. १९९९ साल, पोळा होऊन आठ दिवस झाले होते. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, रोहण्यापासून कोसभरावर. तानबाची गावातच दीड एकर भाजीवाडी, आणि गोपिका चौथीत. सोमवारपासून पोरीला पाठवू नका, असं त्याला शाळेतून सांगण्यात आलं होतं. प्रश्न विचारला की ती टक लावून बघत राहते, पट्टी मारली तरी उत्तर देत नाही, आणि बाकीची पोरं तिची नक्कल करतात. तानबाला त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. वांगे तोडायला हात लागतातच, म्हणाला. पण जाता जाता पायरीवर थांबला.

"गुरुजी, ते जेवतानी पण तशीच थांबते. घास हातातच राह्यते. भूक लागलेलं लेकरू मुद्दाम कायले थांबन?"

मी वही पुन्हा उघडली. मागच्या पानांवरही तीच भोकं, तीन-चार शब्दांची. छत्तीस वर्षं याच शाळेत शिकवून मी निवृत्त झालो होतो; मला एवढं ठाऊक होतं की चुकार पोर अवघड शब्द गाळतं. 'झाडे' आणि 'सकाळी' कोणी गाळत नाही. माझं डोकं तापलं आणि मी तसाच शाळेत गेलो.

तिचे वर्गशिक्षक धीरज सर पंचविशीचे, नव्यानं लागलेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावायला लागले. प्रशिक्षणात त्यांना मानसशास्त्र होतं. माणसाच्या वागण्याचं मूळ शरीरात असतं, असा एक जैविक दृष्टिकोन आहे, म्हणाले. स्वभाव अनुवंशानं येतो. गावात त्यांनी चौकशीही केली होती. गोपिकाची आत्या जयवंता अशीच होती, तिलाही तिसरीतून काढलं होतं.

"आपल्याकडे म्हणतातच ना गुरुजी, खाण तशी माती. आता ते शास्त्रानंही मान्य केलंय. रक्तातच असेल तर आपण काय करणार?"

"रक्तात आहे म्हणता, तर मग पट्टी कोणाला मारता? रक्ताला?"

ते हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, शरीर म्हणता तर मेंदूही शरीरच आहे. पोट दुखतं म्हणून पोर वाकडं झालं तर त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. तुमच्या पुस्तकात अनुवंशाच्या पुढच्या पानावर मेंदू असेल, तुम्ही पान उलटायच्या आधीच निकाल दिला. चहा तसाच ठेवून मी उठलो.

शुक्रवारी तानबाला आणि गोपिकाला घेऊन वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी वही दोनदा पाहिली. मग गोपिकाच्या तोंडासमोर कागदाची एक पट्टी धरली आणि सांगितलं, फुंकत राहा, पट्टी हलली पाहिजे. पोरगी हौसेनं फुंकत होती. दीड मिनिटानं पट्टी थांबली. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडताहेत, नजर कुठेच नाही. बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "हिरवं मांजर." दहा-बारा सेकंदांनी गोपिका पुन्हा फुंकायला लागली. मी काय म्हटलं, असं बाईंनी विचारलं. गोपिका आमच्या तोंडांकडे बघू लागली. तिनं काही ऐकलंच नव्हतं.

मग डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. बाईंनी समजावलं की मेंदूत अधूनमधून विजेची लाट उसळते आणि तेवढा वेळ पोर तिथे नसतंच. हा मिरगीचाच एक प्रकार. गोळ्यांनी थांबतो, वयाबरोबर बहुतेक जातोही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का?

"माह्या बहिणीले," तानबा म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

त्यानं पाहायची गरज नव्हती. १९७० साली जयवंता माझ्याच वर्गात होती. पाढे म्हणताना मध्येच थांबायची. मी तिला बाकावर उभी केली, हातावर छड्या मारल्या आणि सगळ्या वर्गासमोर नाव ठेवलं. घुमी हा शब्द धीरज सरांना गावानं दिला होता, आणि गावाला मी.

संध्याकाळी जयवंता अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. घुमी म्हणून तिची स्थळं परत गेली, ती भावाकडेच राहिली. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"माह्यं तं पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपोआप गेलतं," ती म्हणाली. "कोणाले समजलं नाई. नाव मातर गेलं नाई."

त्या वेळी मला हे माहीत नव्हतं, असं मी म्हणालो.

"आता कोणी सांगतलं तुमाले? वहीच पाह्यली ना. पाटी तं माह्यीबी तुमच्या हातात होती. काऊन नाई पाह्यली?"

धीरज सरांवर काढलेला राग आता कोणावर काढायचा, हे कळेना. तिनं जुडी बाजूला ठेवली.

"तिले गोळी भेटली. मले छडी."

सोमवारी मी डॉक्टरबाईंकडून मराठीत लिहून घेतलेला कागद घेऊन निघालो. शाळेच्या फाटकाशी जयवंता गोपिकाचा हात धरून उभी होती. तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला.

"तुमी बाहेर थांबा."

मी थांबलो. वर्गाचं दार उघडंच होतं. तुम्ही कोण, असं धीरज सरांनी विचारलं.

"हिची आत्या. जिच्या रक्ताचं तुमी सांगून राह्यलते."

सर अनुवंशाबद्दल काही बोलू लागले. तिनं कागद पुढे केला. आधी हा वाचा, म्हणाली, आणि मोठ्यानं वाचा, पोराइले ऐकू गेलं पायजे. गोपिका आपल्या जागेवर जाऊन बसली. सर वाचू लागले. आजाराचं नाव, गोळ्यांच्या वेळा, मग "ही मुलगी हे मुद्दाम करत नाही." ते वाक्य तिनं त्यांना पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ते वाचत असताना ती दारातून माझ्याकडे बघत होती.