एका फ्लॉपीपुरती जागा

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. माझ्या धाकट्या भावाच्या, चेतनच्या कॉलेजच्या कामाला कॉम्प्युटरवरचं जुनं विंडोज पुरेना, म्हणून नवं घालायला त्या रविवारी जयाला बोलावलं. जया ही आमच्या घरामागच्या खोल्यांत राहणाऱ्या नवनाथची मुलगी. बाबा शाळेतून आले की तिला कॉम्प्युटर शिकवत, त्यावर ती जवळच्या गलोंडा गावातल्या कारखान्यात ऑपरेटर झाली. मी तेव्हा मुंबईला वसतिगृहात होते. सुटीत आले की बाबा मला म्हणत, "लांबून बघ, बिघडेल."

जयानं दारात चपला काढल्या, पाय पुसले आणि न विचारता बाबांच्या खुर्चीत बसली.

"ताई, सगळं पुसूनच टाकावं लागेल. ठेवायचं ते आधी फ्लॉपीवर घेऊ."

पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी धरली होती. तिनं एकेक घालून पाहिली. एकच धड निघाली, आणि रविवारी आमच्या सिल्वासात दुसरी मिळणार नव्हती.

"सरांची शाळेची पत्रं, प्रश्नपत्रिका मावतील यात. माझी पानं जाऊ द्या."

मला तेच हवं होतं. पडद्यावर तिच्या नावाचा कप्पा होता, दोनशेवर फायलींचा. माझ्या नावाचा नव्हता.

"कसली पानं?"

"दिवसभरात काय झालं ते रोज इंग्रजीत लिही म्हणायचे. खाली माझ्या चुका काढायचे."

मी हात पुढे करून जोरात एंटर दाबलं.

"हळू, ताई. सर मला म्हणायचे, जात्यावर बसलीस का गं?" ती हसली. बाबा अशी थट्टा करतात हे मला माहीत नव्हतं.

मधलंच एक पान उघडलं. जयानं लिहिलं होतं, आज सरांना जिना चढताना दम लागला. माझ्या आईनं आल्याचा चहा दिला. ताईला कळवू का विचारलं, तर म्हणाले, तिची परीक्षा आहे. खाली बाबांनी एक क्रियापद दुरुस्त केलं होतं आणि लिहिलं होतं, छान, पुढे लिही.

पुढच्या पानात बाबा भेंडी तळत होते, जयाला आवडते म्हणून. त्याच महिन्यात मला त्यांची चार आंतर्देशीय पत्रं आली होती. चारींत प्रकृती उत्तम होती.

"पत्रं पुसली तरी चालतील," मी म्हटलं. "ही पानं घे."

जया वळली. "सरांचं काहीच नको?"

"हीच घे."

फ्लॉपी बराच वेळ घरघरत होती. भरली तशी जया म्हणाली, "ताई, उद्या कारखान्यात नेऊन मला एक प्रत काढू? संध्याकाळी आणून देते."

पानं तिची होती. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "इथंच राहू दे."

तिनं फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली आणि कॉम्प्युटरची डिस्क पुसायला घेतली.